घर सर्वांचे, भार कोणाचा?

सिंगापूरच्या वस्तीचा इतिहास वंशांच्या विभागणीपासून सुरू होतो. १८२२ साली रॅफल्सने आखलेल्या नगररचनेत चिनी, चुलिया, बुगीस, अरब यांना वेगवेगळ्या जागा नेमून दिल्या होत्या. पुढे १९६० साली गृहनिर्माण मंडळ, म्हणजे आपले एचडीबी, स्थापन झाले. १९६४च्या चिनी-मलय दंगलींनंतर तर सर्वांनी मिसळून राहावे, असे सरकारला प्रकर्षाने वाटू लागले. तरीही रिसेल घरे घेताना लोक आपापल्या माणसांजवळ सरकू लागले. बेडोकमध्ये मलय वाढले, हाउगांगमध्ये चिनी.

म्हणून १ मार्च १९८९ पासून प्रत्येक ब्लॉकला वंशवार मर्यादा आली: चिनी ८७ टक्के, मलय २५, भारतीय व इतर १३. आपली मर्यादा २०१० साली १५ टक्के झाली.

या धोरणाचे भले मी रोज पाहते. माझ्या वर्गात चिनी, मलय, तमिळ मुले एका डब्यातले खातात, कारण ती एकाच ब्लॉकच्या लिफ्टमधून खाली उतरतात. हे मोडू नये.

पण आम्ही घर विकायला काढले, तेव्हा दुसरी बाजू कळली. एका चिनी कुटुंबाला घर आवडले, किंमतही पटली. मग समजले, की ब्लॉकमधली चिनी मर्यादा भरली आहे. अशा वेळी चिनी मालक चिनी माणसाला घर विकू शकतो, कारण प्रमाण बदलत नाही. आपण विकू शकत नाही. देशात चारांपैकी तीन माणसे चिनी. मग आपल्याला गिऱ्हाईक उरते किती? आम्ही थांबलो, आणि शेवटी भाव उतरवला.

२०२१ साली संसदेत यावर चर्चा झाली. फार अडलेल्या मालकांचे घर एचडीबीने परत विकत घेण्याची सोय २०२२ साली झाली. ही चांगली सुरुवात आहे, पण तो शेवटचा उपाय आहे. मिसळून राहण्याचा लाभ साऱ्या देशाला होतो, तर भावातली तूट एकट्या अल्पसंख्य मालकाने का सोसावी? ती सर्वांनी मिळून, सरकारी तिजोरीतून भरावी.

ज्यांना असा अनुभव आला आहे, त्यांनी तो लिहून आपल्या खासदाराला द्यावा. गप्प राहिलो, तर ही तूट कोणाच्या हिशेबात येणार नाही.