पायांवरील जाळीदार शिरांच्या उपचारांचा इतिहास : बाळापूरच्या (वऱ्हाड) संदर्भात एक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
पोटरी, मांडी व घोट्याजवळ कोळ्याच्या जाळ्याप्रमाणे पसरणाऱ्या तांबड्या-निळ्या बारीक शिरांना आधुनिक वैद्यकात स्पायडर व्हेन्स म्हणतात. त्या बहुधा निरुपद्रवी असतात. मात्र त्यांच्याच कुळातील फुगलेल्या, वेड्यावाकड्या व्हेरिकोज व्हेन्सकडे दुर्लक्ष झाल्यास लवकर न भरणारा व्रण होऊ शकतो. आनुवंशिकता, गर्भधारणा, वाढते वय व दीर्घकाळ उभे राहून करावे लागणारे काम ही त्यांची प्रमुख कारणे होत. अशी शीर नष्ट करावी की केवळ आवरून धरावी, या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

प्राचीन परंपरा :
सुश्रुतसंहितेत शरीरातील शिरांची संख्या ७०० सांगितली असून त्यांपैकी ९८ शिरांचा वेध करू नये, असा स्पष्ट निर्देश आहे. निदानस्थानात दुर्बळ माणसाने अतिश्रम केल्यास वायू शिरांच्या जाळ्यास पीडित करतो व त्यातून सिराज ग्रंथी उद्भवते, असे प्रतिपादन आढळते. रक्तमोक्षणासाठी सिराव्यध व जळवा हे उपाय सांगताना सविष व निर्विष अशा प्रत्येकी ६ प्रकारच्या जळवांचे वर्णन केले आहे. रोममध्ये सेल्ससने इ.स. पहिल्या शतकात शीर डागणे व कापून काढणे या दोन्ही रीती नोंदविल्या. रोमन सेनानी मारियस याने एका पायावरील शस्त्रक्रिया न बांधता सहन केली. परंतु एवढ्या यातनांच्या मानाने लाभ थोडा, असे म्हणून दुसरा पाय पुढे करण्यास नकार दिला, अशी हकीकत प्लुटार्कने दिली आहे. उपचाराचे मोल रोगापेक्षा अधिक तर नाही ना, हा विचार इतका जुना आहे.

बाळापूर व मध्ययुगीन वैद्यक :
मन व म्हैस या नद्यांच्या संगमावर वसलेले बाळापूर हे मोगल काळातील वऱ्हाडचे महत्त्वाचे ठाणे होते. औरंगजेबपुत्र आझमशहाने आरंभिलेला येथील किल्ला १७५७ मध्ये एलिचपूरचा नवाब इस्माईलखान याने पूर्ण केला. मोगल व आसफजाही राजवटींत यूनानी वैद्यकास राजाश्रय होता. या वैद्यकात पायाच्या फुगलेल्या शिरांना ‘दवाली’ ही स्वतंत्र संज्ञा असून इब्न सीना व अल् जहरावी यांनी त्यांचा विचार केला आहे. सामान्य रयतेच्या वाट्याला मात्र तुंबडी लावणारा वैदू किंवा न्हावी, जळवा व शीर तोडणे हेच उपाय येत. त्यांनी साचलेले रक्त निघे, शिरेचा दोष तसाच राही.

पिचकारीचे युग :
१८५३ हे वर्ष येथे दुहेरी अर्थाने लक्षणीय आहे. त्या वर्षी निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केले आणि त्याच वर्षी लिऑनचे शल्यचिकित्सक प्राव्हाझ यांनी पोकळ सुईच्या पिचकारीने रक्तवाहिनीत लोहक्षार सोडण्याचा प्रयोग केला. शीर आतून चिकटवून बंद करण्याच्या स्क्लेरोथेरपी या पद्धतीचे बीज यात आहे. प्रारंभीच्या तीव्र द्रव्यांनी दाह व जंतुसंसर्ग होत असल्याने ती पद्धत मागे पडली. पुढे ट्रेंडेलेनबुर्ग यांनी शीर बांधण्याची व १९०७ मध्ये बॅबकॉक यांनी ती ओढून काढण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. १९४६ मध्ये सोडियम टेट्राडेसिल सल्फेट हे सौम्य द्रव्य आले. १९६० च्या दशकात डब्लिनच्या फेगन यांनी सुईनंतर घट्ट पट्टी बांधून चालत राहण्यावर भर दिला. मुळात बधिरतेसाठी तयार झालेले पॉलिडोकॅनॉल पुढे बारीक शिरांसाठी वापरले जाऊ लागले. अमेरिकेत त्यास २०१० मध्ये मान्यता मिळाली.

१९८३ मध्ये अँडरसन व पॅरिश यांनी विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश त्वचेस फारशी इजा न करता केवळ रक्तवाहिनी तापवू शकतो, हे तत्त्व मांडले. त्यातून त्वचेवरील लेसर उपचार विकसित झाले. मोठ्या शिरांसाठी १९९९ च्या सुमारास रेडिओ-लहरी व लेसर शिरेच्या आत नेण्याचे तंत्र आले. तरीही पायांवरील बारीक शिरांसाठी स्क्लेरोथेरपी हाच प्रथम पसंतीचा उपाय मानला जातो. कोणत्याही उपायाने नवीन शिरा उद्भवण्याचे थांबत नाही. म्हणून पायावर सूज, जडपणा किंवा काळसर डाग असल्यास आधी डॉप्लर तपासणीने मोठ्या शिरांच्या झडपा पाहणे आवश्यक ठरते.

निष्कर्ष :
शीर कापणे, डागणे, बांधणे, चिकटवणे व प्रकाशाने तापवणे असा हा प्रवास आहे. त्यात पट्टीचा दाब, पाय उंच ठेवणे व चालणे हे साधे उपाय कालबाह्य झाले नाहीत. मात्र हा इतिहास सेनानींच्या व संशोधकांच्या नावांनी भरलेला आहे. दिवसभर उभ्याने राबणाऱ्या वऱ्हाडातील शेतमजूर स्त्रीच्या पायांची नोंद त्यात नाही. हा विषय केवळ सौंदर्याचा मानला गेल्याने जाळीदार शिरेमागील मोठा दोषही दुर्लक्षित राहतो. सुमारे २५ कि.मी. वरील अकोल्यात २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. उपचाराचे अंतर आता मैलांत उरलेले नाही. ते दुखणे दुखणे म्हणून ओळखण्यात आहे. हे अंतर कमी करणे हे वैद्यकाइतकेच शिक्षणाचेही कार्य होय.