हलबच्या 'केतेर'मधील तेहिल्लीमची पाने

तेहिल्लीममधील २३ वे मिझमोर पाठ नाही असा वडीलधारा मनुष्य आपल्या समाजात क्वचितच सापडेल. पण इब्री शास्त्राच्या सर्वांत प्रमाण मानलेल्या हस्तलिखितात तेच मिझमोर आज नाही, हे थोड्यांनाच ठाऊक असेल.

ते हस्तलिखित म्हणजे 'केतेर आराम सोबा', हलब (आलेप्पो) शहराचा मुकुट. सन ९३० च्या सुमारास तिबेरियास येथे श्लोमो बेन बुयाआ यांनी चर्मपत्रावर अक्षरे लिहिली आणि आहरोन बेन आशेर यांनी त्यांवर स्वरचिन्हे व तेआमीम घातले. बहुतेक ग्रंथ तीन रकान्यांत आहेत. तेहिल्लीम मात्र काव्य म्हणून दोनच रकान्यांत. १०९९ साली क्रुसेडरांनी यरुशलेम घेतले तेव्हा खंडणी भरून ग्रंथ सोडवला गेला व मिसर देशी नेला. तेथे रांबाम यांनी तो प्रमाण धरला. चौदाव्या शतकाच्या अखेरीस तो हलबला पोहोचला.

हलबची वडीलमंडळी त्याला इतके जपत की फोटोसुद्धा काढू देत नसत. मला विचाराल तर ही माया अतीच झाली. मोजकीच पाने कॅमेऱ्यात आली, आणि डिसेंबर १९४७ च्या दंगलीत सिनेगॉगला आग लागली. १९५८ साली ग्रंथ लपवून तुर्कस्तानमार्गे इस्राएलात आणला, तेव्हा सुमारे ४९० पानांतली जवळजवळ दोनशे नव्हती. तोरा बहुतेक सगळी गेली. तेहिल्लीममधली १५ ते २४ ही दहा मिझमोरे आणि २५ व्याची सुरुवात गेली. रविवारचे २४ वे त्यांतच, रोजच्या सकाळच्या तेफिल्लातले २० वेही त्यांतच.

शब्द काही हरवले नाहीत. १००८ साली लिहिलेली दुसरी संपूर्ण प्रत सेंट पीटर्सबर्गला आहे, आणि आपल्या पूर्वजांनी तर कोकणात पुस्तकाविना शेमा जपला. हरवली ती बेन आशेर यांच्या स्वतःच्या हातची खूण; एखादा स्वर वा तेआम त्यांनी नेमका कोठे ठेवला, याची साक्ष.

उरलेल्या पानांच्या कोपऱ्यांवरचे जांभळट डाग पुष्कळ वर्षे आगीचे समजले जात. पुढे तपासणीत ती बुरशी निघाली. मग गेलेली पाने खरोखर जळाली, की कोणाच्या हाती लागली? १९८१ साली दिव्रे हय्यामीमचे एक पान न्यूयॉर्कहून परत आले. शेमोतचा एक तुकडा ब्रुकलिनच्या एका हलबी गृहस्थाने ताईत म्हणून कित्येक वर्षे पाकिटात बाळगला होता. तो २००७ साली यरुशलेमला पोहोचला. तेहिल्लीमचे पान मात्र अजून कोणी आणून दिलेले नाही.