चीनकडे निघालेले एक मदत-पथक

परोपकाराच्या इतिहासात देणाऱ्यांची नावे राहतात आणि अखेरीस प्राण वेचणाऱ्यांचीही राहतात. ह्या दोहोंच्या मधला जो प्रवास, त्याकडे मात्र आपण सहसा पाहत नाही. पैसा जमला, माणसे निघाली, म्हणजे मदत पोहोचलीच, असे आपण धरून चालतो. १९३८ साली चीनकडे निघालेल्या एका वैद्यकीय पथकाची हकीकत हा समज खोटा ठरविते. ती पुढे सोलापूरच्या एका सुपुत्राच्या चरित्राला येऊन मिळते, म्हणून आपल्याला परकीही नाही.

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर चाल केली. वर्ष संपण्याच्या आत शांघाय पडले, नानकिंग पडले. उत्तरेच्या डोंगरांतून लढणाऱ्या आठव्या रूट आर्मीजवळ शिकलेले शस्त्रवैद्य फारच थोडे होते. अशा वेळी न्यूयॉर्कच्या चायना एड कौन्सिल ह्या संस्थेने कॅनडातील स्नेह्यांच्या साह्याने एक पथक उभे केले. त्यात माणसे तीनच. पहिले डॉ. नॉर्मन बेथून, माँट्रियलचे छातीच्या रोगांवरील नामांकित शस्त्रवैद्य. दुसरे डॉ. चार्ल्स पार्सन्स, अमेरिकन शस्त्रवैद्य. तिसरी जीन यूएन ही परिचारिका. तिने पूर्वी चीनमध्ये मिशनच्या दवाखान्यात काम केले होते आणि तिला चिनी भाषा येत होती. ८ जानेवारी १९३८ रोजी व्हँकूव्हर बंदरातून 'एम्प्रेस ऑफ एशिया' ही आगबोट सुटली आणि हे तिघे निघाले.

पथकाचा पैसा पार्सन्स ह्यांच्या हाती होता. ते दारूच्या आहारी गेलेले होते, आणि लोकवर्गणीचा पैसा बोटीवर मद्यात जाऊ लागला. बेथून संतापी स्वभावाचे. दोघांत जुंपली. पैसा मागावा तर मिळेना, हिशेब मागावा तर भांडण वाढे. अवघा प्रशांत महासागर हे पथक असे भांडत ओलांडून गेले. जानेवारीच्या अखेरीस ते हाँगकाँगला उतरले आणि तेथून विमानाने हांकौला पोहोचले, तेव्हा पथक म्हणावे असे काही उरलेच नव्हते. पार्सन्स ह्यांना वगळावे लागले. बेथून आणि यूएन दोघेच फेब्रुवारीत उत्तरेकडे निघाले आणि पुढे सरकणाऱ्या जपानी फौजा चुकवीत मार्चच्या अखेरीस येनानला पोहोचले. पुढे त्या दोघांचेही पटले नाही.

दोष कोणाचा? सारा पार्सन्स ह्यांच्या माथी मारणे सोपे आहे. पण बेथूनही काही सोवळे नव्हते. १९३६-३७ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धात जखमींपर्यंत साठविलेले रक्त नेऊन पोहोचविण्याची योजना त्यांनी माद्रिदला उभी केली. तिचे मोल मोठे. परंतु त्यांचा संताप, त्यांचे मद्यपान आणि सहकाऱ्यांशी उडालेले खटके ह्यांमुळे त्यांना तेथून परतावे लागले होते. आमच्या मते खरा दोष पाठविणारांचा. पथकाचा शब्द कोणाचा, थैली कोणाची आणि हिशेब विचारणारा कोण, ह्या तीन प्रश्नांचा निकाल धक्क्यावर लागावा लागतो. भर समुद्रात तो लागत नाही. ध्येय एक आहे म्हणून माणसे एक होतील, ही आशा म्हणजे व्यवस्था नव्हे.

ह्या चुकीची किंमत कोणी भरली? न्यूयॉर्कच्या मंडळींनी नव्हे. एप्रिल १९३९ च्या एका लढाईत बेथून ह्यांनी ६९ तासांत ११५ शस्त्रक्रिया केल्या. आपण हा पराक्रम म्हणून सांगतो, आणि तो पराक्रम आहेच. पण त्याच आकड्यात एक उणीवही दडलेली आहे. दुसरा शस्त्रवैद्य बाजूला उभा असता, तर किती जखमींना एवढी वाट पाहावी लागली नसती! पार्सन्स त्या डोंगरांत टिकले नसते, हे खरे. मग त्यांच्या जागी दुसरा माणूस निवडायचा होता, आणि त्याची वेळ बोट सुटण्यापूर्वीची होती.

शस्त्रक्रियेच्या वेळी बोटाला झालेल्या जखमेतून विष भिनून १२ नोव्हेंबर १९३९ रोजी बेथून गेले. त्या सुमारास भारतातून गेलेले पथक चीनमध्ये काम करीत होते. सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष असताना, सप्टेंबर १९३८ मध्ये ते मुंबईहून निघाले. डॉ. अटल प्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, आणि बंगालचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी, असे पाच जण. हेही सारे एकदम परतले नाहीत. ज्याचे त्याचे कारण वेगळे होते. पण प्रमुख कोण, हे घरून ठरवून ते निघाले होते. बेथून ह्यांच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाची धुरा १९४१ मध्ये कोटणीसांनी उचलली आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच देह ठेवला.

बेथून आणि कोटणीस ह्यांची स्मारके झाली, ते योग्यच झाले. परंतु गावोगाव निधी जमविणाऱ्या आपणांस त्या आगबोटीवरील भांडणही तितकेच ध्यानात ठेवले पाहिजे. वर्गणीची पावती फाडली की आपले काम संपत नाही. तो रुपया कोणाच्या हातून आणि कोणाच्या देखरेखीखाली जाणार, हे विचारणे हाही दानाचाच भाग आहे. विचारण्याचा संकोच आपण करतो. त्याचे देणे दूरच्या एखाद्या जखमी माणसाला द्यावे लागते.