दौरोकाठचे दगड

पोर्ट ह्या नावाने जे गोड व तीव्र मद्य जगभर ओळखले जाते, ते पोर्तुगालमधील पोर्तो शहरात पिकत नाही. मोखा बंदरात कॉफीचे झाड नसताही तेथून निघणाऱ्या कॉफीस त्या बंदराचे नाव चिकटले, त्यातलाच हा प्रकार होय. द्राक्षे पिकतात ती पोर्तोहून सुमारे शंभर किलोमीटर पूर्वेस, दौरो नदीच्या खोऱ्यातील उभ्या डोंगरउतारांवर. मद्य मुरत आले ते पोर्तोसमोरच्या तीरावरील गाया ह्या गावच्या कोठारांत. आणि बाटल्यांवर जी नावे झळकतात त्यांपैकी पुष्कळशी इंग्रज व्यापाऱ्यांची. पिकविणारा, मुरविणारा आणि नाव मिळविणारा हे तीन निराळे का असावेत, ह्या कुतूहलाने सप्टेंबरच्या अखेरीस, द्राक्षांची तोड चालू असता, आम्ही त्या खोऱ्यात चार दिवस काढले. मद्याचे नाव निघताच पान उलटू पाहणाऱ्या वाचकांस इतकेच सांगतो, की पुढील मजकुरात पेल्यापेक्षा दगडच अधिक आहेत.

पोर्तोहून निघालेली आगगाडी काही वेळाने नदीस भेटते आणि मग तिचा काठ सोडीत नाही. उत्तरेस मरांव नावाची सुमारे चौदाशे मीटर उंचीची डोंगररांग आहे. अटलांटिकवरून येणारे ढग तिच्या पश्चिमेस रिकामे होतात आणि पूर्वेस कोरडा, तापलेला मुलूख उरतो. कोकणातून घाट चढून देशावर येणाऱ्या मराठी माणसास हे समजावून सांगावयास नको. आपल्या हवेत नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक असतो, असे तेथील लोक म्हणतात. जमीन म्हणावी तर ती नाहीच. पाटीच्या दगडासारखा थराथरांचा खडक. तो पहारीने फोडावयाचा, त्याच्याच चिपांचे बांध चुन्यावाचून रचावयाचे, मागे चुरा भरावयाचा आणि त्या पट्टीवर वेल लावावयाची, असा हा उद्योग शतकानुशतके चालला. पाण्याच्या काठापासून माथ्यापर्यंत बांधांमागून बांध चढत गेलेले पाहिले म्हणजे हा डोंगर निसर्गाचा की माणसाचा, असा प्रश्न पडतो. ते रचणारांत स्पेनच्या गालिसिया प्रांतातून पोटासाठी आलेले मजूर पुष्कळ होते. २००१ साली युनेस्कोने ह्या खोऱ्यास जागतिक वारशाचा मान दिला. परंतु बांध घालणाऱ्या एकाचेही नाव आम्हांस कोठे कोरलेले आढळले नाही.

कोरीव अक्षरे आहेत ती दुसऱ्याच दगडांवर. त्यांची कथा अशी. फ्रान्सशी वैर जडल्यामुळे इंग्रजांस फ्रेंच मद्य मिळेनासे झाले, तेव्हा त्यांची दृष्टी पोर्तुगालकडे वळली. १७०३ च्या मेथ्युएन तहाने पोर्तुगीज मद्यावरील जकात फ्रेंच मद्याहून एकतृतीयांशाने कमी ठरली आणि मोबदल्यात इंग्रजी लोकरी कापडास पोर्तुगालची बाजारपेठ खुली झाली. पोर्तोतील इंग्रज व्यापाऱ्यांच्या वखारीचा जम बसला. वखार म्हटली की सुरत आठवणाऱ्या आम्हांस पुढची पावले ओळखीचीच वाटली. मागणी वाढली तशी भेसळ वाढली. फिकट मद्यास रंग यावा म्हणून एल्डर नावाच्या झुडपाची काळी फळे त्यात कुस्करू लागले. मग मालाची बदनामी झाली, भाव कोसळले, आणि व्यापारी शेतकऱ्यास व शेतकरी व्यापाऱ्यास दोष देऊ लागला.

अशा वेळी राज्याची सूत्रे पुढे पोंबालचा मार्क्विस म्हणून प्रसिद्धीस आलेल्या मंत्र्याच्या हाती होती. १७५५ च्या भूकंपात कोसळलेले लिस्बन ज्याने पुन्हा उभारले आणि ज्याच्या अमदानीत, १७७४ साली, गोव्यातील इन्क्विझिशन काही काळापुरते का होईना बंद पडले, तोच हा करारी पुरुष. त्याने १० सप्टेंबर १७५६ रोजी राजाज्ञेने एक कंपनी स्थापिली. कोणत्या उतारावरचे मद्य परदेशी जाण्याच्या योग्यतेचे, आणि कोणते देशातल्या गुत्त्यांपुरते, हे ठरले. हद्दीवर ग्रॅनाइटचे खांब रोवले गेले. १७५८ मध्ये २०१ आणि १७६१ मध्ये, म्हणजे आपल्याकडे पानिपत झाले त्या साली, आणखी १३४. त्यांवर ‘फेइतोरिया’ म्हणजे वखार हा शब्द कोरला. एल्डरची झुडपे उपटून टाकण्याचा हुकूम सुटला.

ह्या कायद्याची स्तुती बहुधा येथेच थांबते. परंतु कंपनीस पोर्तो शहरात किरकोळ विक्रीचाही मक्ता मिळाला होता, आणि त्यायोगे गुत्तेवाल्यांच्या पोटावर पाय आला. २३ फेब्रुवारी १७५७ रोजी शहरात दंगा उसळला. पोंबालने त्यास राजद्रोह ठरविले व कित्येकांस फासावर चढविले. खांबाच्या आतला मळेवाला सावरला. बाहेरच्याची द्राक्षे त्याच उन्हात पिकूनही हलकी ठरली. आमच्या मते कायदा हवाच होता, कारण भेसळीने अखेर शेतकरीच बुडाला असता. तथापि खांबावर जो शब्द कोरला तो ‘मळा’ नव्हे, ‘वखार’ आहे, हे विसरून चालावयाचे नाही.

असो. पिन्यांव हे खोऱ्यातले लहानसे गाव. तेथील स्थानकाच्या भिंतींवर १९३७ साली बसविलेल्या चित्रमय फरशांत तोडणीचे देखावे आहेत. जवळच्या एका साध्या खाणावळीत आम्ही जेवलो. प्रथम ‘काल्दू व्हेर्द’ नावाचे कढण आले: घोटलेला बटाटा, त्यात दोऱ्यासारखा बारीक चिरलेला पाला, वरून ऑलिव्हचे तेल आणि सोबत मक्याचा पाव. वाढणाऱ्या बाईंस नावे विचारली तो काय! बटाट्यास ‘बाताता’, पावास ‘पांव’, आणि पाल्यास ‘कोव्ह’, म्हणजे आपला कोबीच, फक्त गड्ड्याचा नव्हे. मागून भट्टीत भाजलेले करडू व भट्टीतलाच भात आला. आमच्यातील एका शाकाहारी गृहस्थांनी कढणातली सॉसेजची चकती काढावयास लावून अंजीर व बदाम ह्यांवर वेळ मारून नेली. मांस मद्यात व लसणीत मुरविण्याची जी रीत पोर्तुगीजांत आहे, तिच्याच नावाचा अपभ्रंश होऊन गोव्याचा विंदालू झाला. मद्याची जागा तेथे शिरक्याने घेतली. आणि मळेवाला आपले पीक ज्या मापाने मोजतो ते ‘पीपा’, सुमारे ५५० लिटरांचे. आपल्या न्हाणीघरातले पिंप त्याचेच भावंड.

द्राक्षे दगडी हौदात पायांनी तुडविण्याची चाल काही मळ्यांत अद्याप आहे. रस अर्धवट आंबला असता त्यात द्राक्षांचीच कडक दारू ओतून आंबणे थांबवितात, म्हणून साखर शिल्लक राहते. ह्या ओतण्याविरुद्ध जोसेफ जेम्स फॉरेस्टर ह्या इंग्रज व्यापाऱ्याने १८४४ साली पत्रक काढून आपल्याच जातभाईंचा रोष ओढवून घेतला. नदीचा तपशीलवार नकाशाही त्यानेच केला. आणि त्याच नदीत, व्हालेइराच्या खळाळात, १२ मे १८६१ रोजी नाव उलटून तो बुडाला. सोबतची दोना आंतोनिया फेरैरा वाचली. तिच्या फुगीर घागऱ्याने तिला तारले, असे सांगतात. कथा गमतीची आहे, पण बाईचे मोठेपण घागऱ्यात नव्हे. वैधव्य आल्यावर तिने मळ्यांचा कारभार हाती घेतला, आणि मुळे खाणाऱ्या फिलॉक्सेरा किडीने उतारच्या उतार उजाड केले त्या काळातही नव्या लागवडी काढल्या.

अमेरिकन मुळांवर कलमे बांधून मळे पुन्हा उभे राहिले, परंतु सगळे नव्हे. कित्येक बांध तसेच सुटले. त्यांस तेथे ‘मोर्तोरियू’ म्हणतात, आणि त्यांवर आज ऑलिव्ह व रानझुडपे दिसतात. १९२६ च्या कायद्याने परदेशी जाणारे पोर्ट गायाच्या कोठारांतूनच गेले पाहिजे असे ठरले, आणि ही अट १९८६ पर्यंत टिकली. म्हणजे साठ वर्षे मळेवाल्यास आपल्या अंगणातून एक बाटलीही परदेशी धाडता येत नव्हती. पुढे धरणांनी व्हालेइराचा खळाळ बुडविला, पिंपे वाहणाऱ्या सपाट तळाच्या नावा गायाच्या धक्क्यावर शोभेस उभ्या राहिल्या. आणि अट उठल्यावर लहान मळेवाले स्वतःच्या नावाची चिठ्ठी बाटलीवर डकवून ती थेट परदेशी धाडू लागले.