न गाणाऱ्या पक्ष्यांचा देश

ऑस्ट्रेलियातल्या फुलांना वास नाही आणि पक्ष्यांना गळा नाही, अशी तक्रार एकोणिसाव्या शतकात तिथे वसायला गेलेल्या इंग्रजांच्या तोंडी नेहमी असे. वर्तमानपत्रांत, प्रवासवर्णनांत, कवितांत ती इतक्यांदा आली की कोणी ती तपासून पाहण्याच्या भानगडीत पडेना.

खरं तर त्यांच्या अंगणातच मॅगपाय नावाचा काळापांढरा पक्षी पहाटे बासरीसारखे सूर काढत होता. लोक तो पाळत, त्याला शिट्टीवर चाली शिकवत, चार शब्द बोलायलाही शिकवत. पण 'गाणं' म्हणजे इंग्लंडमधल्या स्कायलार्कचं (हा आपल्या चंडोलाचा भाऊबंद), थ्रशचं, ब्लॅकबर्डचं. बाकी सगळा नुसता आवाज. ऐकण्यात कानाइतकाच सवयीचाही भाग असतो. पावसाळ्याच्या तोंडावर ओरडणारा पावशा आपल्याला 'पेरते व्हा' सांगतो, बंगाल्यांना तो 'चोख गेलो' (डोळे गेले) म्हणताना ऐकू येतो, आणि उन्हानं हैराण झालेल्या साहेबाला तो 'ब्रेन-फीव्हर' म्हणतोय असं वाटे. पक्षी एकच.

चार्ल्स रीड या इंग्रज कादंबरीकाराच्या १८५६ मधल्या एका गाजलेल्या कादंबरीत असा प्रसंग आहे: ऑस्ट्रेलियात सोनं खणायला आलेले राकट लोक पिंजऱ्यातल्या एका स्कायलार्कभोवती जमतात आणि त्याचं गाणं ऐकून हळवे होतात. रीड स्वतः ऑस्ट्रेलियाला कधी गेलेला नव्हता! पण घरची आठवण खोटी नव्हती. प्रश्न असा की तिच्यावर उपाय काय?

उपाय सुचवणाऱ्यांत एक वर्तमानपत्राचा मालकच पुढे होता. एडवर्ड विल्सन यानं १८४८ मध्ये मेलबर्नचं 'द आर्गस' हे पत्र भागीदारीत विकत घेतलं होतं. परदेशी प्राणी, पक्षी, मासे, झाडं आणून इथे रुजवायची, या कल्पनेनं तो झपाटलेला होता. १८६१ मध्ये व्हिक्टोरिया वसाहतीत त्यासाठी रीतसर सोसायटी स्थापन झाली. सोसायटीच्या सभांचे वृत्तांत पत्रात येत, कोणते पक्षी आले आणि कुठे सोडले याच्या बातम्या येत. इंग्लंडहून पिंजरे निघत, शिडाच्या जहाजावर महिनोन्‌महिने प्रवास होई. वाटेत पुष्कळ पक्षी मरत, उरलेले मेलबर्नच्या आसपास सोडले जात. स्कायलार्क, ब्लॅकबर्ड, स्टार्लिंग रुजले. चिमण्याही आल्या आणि थोड्याच वर्षांत शेतकऱ्यांच्या शिव्यांच्या धनी झाल्या.

याच मोहिमेत १८६० च्या दशकात आपली साळुंकीही मेलबर्नला पोचली. पिकांवरचे किडे खाईल म्हणून तिला नेली. पुढे १८८३ मध्ये उसावरची कीड आवरायला तिला उत्तर क्वीन्सलँडमध्ये सोडली. किडे राहिले बाजूला. ती शहरांत ऐसपैस पसरली आणि झाडांच्या ढोल्या बळकावू लागली. २००० साली जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या जीवजातींची यादी निघाली, तीत पक्षी तीनच होते: स्टार्लिंग, साळुंकी आणि आपलाच लालबुड्या बुलबुल.

आता बोलणाऱ्या पक्ष्यांकडे वळू. १८७२ मध्ये ऑस्ट्रेलिया तारेनं जगाशी जोडला गेला. त्याआधी परदेशची बातमी टपालाच्या जहाजातून येई. दोन जहाजांच्या मधल्या दिवसांत रकाने भरायचे कशानं? दुसऱ्या पत्रांतले मजकूर कापून. बोलक्या पोपटाचा, काकाकुव्याचा किस्सा यासाठी फार सोयीचा. तो शिळा होत नाही, कोणी दुखावत नाही आणि पाच ओळींत मावतो. म्हणून एकच पोपट गावोगावच्या पत्रांत बोलत राही, आणि दर मुक्कामी थोडा अधिक हजरजबाबी होई.

सगळेच किस्से असे ऐकीव नव्हते. न्यूझीलंडचे मूळ रहिवासी माओरी लोक 'टुई' हा पक्षी पाळून त्याला माओरी भाषा शिकवत. पक्षितज्ज्ञ वॉल्टर बुलर यानं न्यूझीलंडच्या पक्ष्यांवरच्या १८७३ च्या ग्रंथात स्वतःचाच अनुभव दिला आहे. रंगितिकेईच्या सभागृहात तो माओरींसमोर एका राजकीय विषयावर कळकळीनं बोलला. भाषण संपताच, वृद्ध सरदार नेपिया टाराटोआ उत्तर देण्याआधीच, आढ्याला टांगलेल्या पिंजऱ्यातला टुई स्पष्टपणे म्हणाला, 'टिटो!' म्हणजे 'खोटं!' सभा हसली. सरदारही हसत म्हणाला, की तुमचं म्हणणं उत्तमच आहे, पण माझा पक्षी शहाणा आहे आणि त्याची अजून खात्री पटलेली नाही.

गोष्ट खरी मानायला काहीच हरकत नाही. पण त्या टुईनं 'टिटो' हा शब्द दिवसभरात किती वेळा उच्चारला असेल? माणसं जेवत असताना, झोपली असताना, सभागृह रिकामं असताना? त्या वेळांची नोंद कोणी केली नाही, कारण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. नेमका लागलेला एक नेम पुस्तकात जातो आणि चुकलेले शंभर हवेत विरतात. हा मुद्दा वर्गात किस्सा सांगून छान रंगवता येईल.

तरीही एक गोष्ट या किश्श्यांतून निःसंशय कळते: पक्षी ऐकून शिकतात. डेन्स बॅरिंग्टननं १७७३ मध्येच दाखवलं होतं की लिनेटची पिल्लं दुसऱ्या जातीच्या पक्ष्याजवळ वाढवली तर त्याचंच गाणं उचलतात. डार्विननं १८७१ मध्ये त्याचा आधार घेऊन पक्ष्यांच्या गाण्याची तुलना माणसाच्या भाषेशी केली. पक्ष्यांत ही शिकण्याची शक्ती मुख्यतः तीन गटांत दिसते: पोपट, गुंजनपक्षी आणि गायकपक्षी. शास्त्राच्या भाषेत 'गायकपक्षी' हा शब्द गोडव्यावरून ठरत नाही. स्वरयंत्राची रचना आणि आपसातलं नातं यांवरून ठरतो. म्हणून बुलबुल, दयाळ, साळुंकी यांच्या पंगतीला कावळाही बसतो. जगातल्या पक्ष्यांच्या जवळपास निम्म्या जाती या गटात येतात.

हा गट आला कुठून? विसाव्या शतकाच्या अखेरीपासून डीएनएची तुलना होऊ लागली, आणि २००४ पर्यंत चित्र बरंच स्पष्ट झालं. या वंशवृक्षाची सर्वांत जुनी फांदी लायरबर्डची, म्हणजे नक्कल करण्यात वाकबगार असलेल्या ऑस्ट्रेलियन पक्ष्याची. गायकपक्षी ऑस्ट्रेलियाच्या भूभागावर उपजले आणि तिथून जगभर पसरले. विल्सनच्या सोसायटीनं जहाजातून आणलेल्या स्कायलार्कचे आणि ब्लॅकबर्डचे अतिप्राचीन पूर्वज मूळचे तिथलेच!

टुईच्याच कुळातला, मध खाणारा रीजंट हनीईटर हा पक्षी आग्नेय ऑस्ट्रेलियात एकेकाळी मोठ्या थव्यांनी दिसे. जंगलं तुटली आणि आता तो काहीशेच उरला आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २७ टक्के नरांचं गाणं त्या प्रदेशातल्या रूढ गाण्यापेक्षा वेगळं आढळलं. १२ टक्के नर तर सरळ दुसऱ्याच जातींची गाणी गात होते. पिल्लांना ऐकायला आपल्या जातीचे प्रौढ नरच सापडत नाहीत. स्वतःचं गाणं न गाणाऱ्या नराला जोडीदारीणही कमी मिळते.

सिडनीच्या टारोंगा प्राणिसंग्रहालयात जन्मलेल्या पिल्लांना मग रानातल्या गाण्याचं ध्वनिमुद्रण ऐकवलं गेलं. त्यानं फारसं साधेना, तेव्हा रानात जन्मलेले नर त्यांच्याजवळ शिक्षक म्हणून ठेवले. एका शिक्षकामागची पटसंख्या कमी केल्यावर गाणं अधिक नीट उतरू लागलं.