वंगणाची राखण

यंत्राची थोरवी सांगताना लोक त्याच्या बळाचे वर्णन करितात. परंतु ते बळ ज्या क्षुद्र वस्तूच्या आश्रयाने टिकते तिचे नाव क्वचितच कोणी घेतो. चारही चाकांस जोर पोचविणाऱ्या मोटारीत अशी एक वस्तू आहे. पुढच्या चाकामागे, आसाच्या सांध्यावर, लोहाराच्या भात्यासारख्या घड्यांचे एक काळे रबरी वेष्टन चढविलेले असते. मिस्त्री त्यास 'बूट' म्हणतात. सांध्यातील वंगण आत राखणे आणि बाहेरची माती बाहेर ठेवणे, एवढेच त्याचे काम. या बुटाची कथा पाहिली असता तो घरच्या घरी बदलणे हे एका जुन्या गृहधर्माचेच नवे रूप आहे, असे दिसून येईल.

भंडारा जिल्ह्यातील अड्याळ या गावाचे उदाहरण घेऊ. पवनी तालुक्यातले, भंडाऱ्याहून पवनीस जाणाऱ्या सडकेवरील हे गाव धानाच्या मुलखात वसले आहे. या मुलखात शतकानुशतके जी बैलगाडी चालली, तिचा आस स्थिर असे, चाके त्यावर फिरत, आणि वळावयाचे झाल्यास बैल सगळी गाडीच वळवीत. तिच्यात सांध्याचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता तो आसाच्या टोकाशी होणाऱ्या घर्षणाचा. म्हणून लांबच्या प्रवासास निघण्यापूर्वी गाडीवान वंगण घाली. ते वंगण उघडे असल्यामुळे धूळ त्यात मिसळे आणि ते वाहूनही जाई. त्याची चिंता अर्थातच नित्याची होती. विस्मरण झाले तर चाक कुरकुर करून धन्यास आठवण देई.

मोटारीने नवाच पेच उत्पन्न केला. पुढचे चाक गाडीस वळवणारेही असावे आणि ओढणारेही असावे, अशी इच्छा झाली की फिरता दांडा वाकलेल्या स्थितीतही फिरत राहिला पाहिजे. असा सांधा युरोपास ठाऊक नव्हता असे नाही. सोळाव्या शतकातील इटालियन पंडित कार्दानो याचे नाव त्यास चिकटले आहे, आणि सतराव्या शतकात इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याने त्याचा उपयोग विशद केला. परंतु या सांध्यात एक दोष आहे. दांडा 30 अंशांनी वाकला असता, एक टोक एकसारख्या वेगाने फिरत असूनही दुसरे टोक प्रत्येक फेऱ्यात दोनदा मंदावते व दोनदा धावते. शंभराच्या वेगी ते कधी 87 वर उतरते, तर कधी 115 वर चढते. चाक पुरते वळवले म्हणजे हा हिसका चालकाच्या हातापर्यंत पोचतो.

हा दोष घालविण्याची खटपट विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात फळास आली. 1923 साली कार्ल वाइस याने, आणि 1926 साली फ्रान्समध्ये फनाय व ग्रेग्वार या जोडीने व अमेरिकेत आल्फ्रेड रझेप्पा याने, निरनिराळ्या रीतींचे समवेगी सांधे योजिले. पैकी रझेप्पाचा सांधा पुढे सर्वत्र रूढ झाला. त्यात सहा पोलादी छर्रे एका पिंजऱ्यात बसविलेले असून, दांडा कितीही वाकला तरी ते त्या कोनाच्या बरोबर मध्यभागी राहतात. त्यामुळे दोन्ही टोकांचा वेग समान राहतो. युक्ती मोठी सुंदर आहे. पण तिला स्वच्छतेचे वेड आहे. छर्रे आणि त्यांच्या खाचा यांमध्ये वाळूचा कण शिरला की त्या झिजू लागतात.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सहा लाखांहून अधिक जीप गाड्या बांधल्या, त्यांच्या पुढील आसांत असेच सांधे होते. हिंदुस्थानात ही गाडी रुजविण्याचे श्रेय महिंद्र बंधूंस आहे. 1945 साली मलिक गुलाम महंमद यांच्या भागीदारीत स्थापन झालेल्या त्यांच्या मंडळीचे नाव, फाळणीनंतर ते पाकिस्तानचे अर्थमंत्री झाल्यावर, 1948 साली 'महिंद्र आणि महिंद्र' असे झाले. विलीज जीपचे सुटे भाग आणवून मुंबईस माझगावात त्यांची जुळणी होऊ लागली. 2 ऑक्टोबर 1952 रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाल्यावर सरकारी जीप ही खेड्यापाड्यांतील ओळखीची वस्तू बनली.

त्या जुन्या जीपमध्ये मात्र रबरी बूट नव्हता. सांधा पोलादी गोलकात कोंडलेला असे, आणि गोलकाच्या कडेस नमद्याची पट्टी माती पुसून काढी. रबर का वापरीत नसत, याचे एक कारण रबराच्या स्वभावात आहे. गुडइयरने 1839 साली गंधकाच्या योगाने रबर टिकाऊ केले खरे. पण नैसर्गिक रबर तेलाने फुगते व सडते. तेलास दाद न देणारे निओप्रीन हे कृत्रिम रबर 1931 साली बाजारात आले, तेव्हा कोठे वंगणास रबराची राखण ठेवणे सुकर झाले. 1959 साली इंग्लंडातील 'मिनी' गाडीने रझेप्पाचा सांधा रबरी बुटासह सामान्य कुटुंबाच्या दारी नेला. आपल्याकडे ते कार्य 1983 च्या डिसेंबरात आलेल्या मारुती 800 ने केले. तत्पूर्वीच्या अँबॅसडर व फियाट गाड्यांत जोर मागील चाकांस मिळत असल्याने या बुटाचे कारणच नव्हते. पुढे डोंगरदऱ्यांच्या गाड्यांनीही अखंड पोलादी आस टाकून पुढची चाके स्वतंत्रपणे वरखाली होतील अशी रचना स्वीकारली. 2010 साली आलेली 'थार' त्यांपैकीच. तिच्या पुढील दोन दांड्यांवर चार बूट असतात, आणि पोलादाच्या जागी आता बोटभरही जाडी नसलेली कातडी राखण करते.

येथेच खरी मेख आहे. बैलगाडीचे वंगण रोज आठवावे लागे; जीपला ठराविक मैलांनी वंगण द्यावे लागे; नव्या सांध्यास आयुष्यभर वंगण नको. सोय जसजशी वाढली, तसतशी पाहण्याची सवय सुटली. तलावांच्या या जिल्ह्यात पाळीला पडलेल्या उंदराच्या बिळाचे भय कोणास सांगावयास नको. बूट चिरला की फिरत्या चाकाच्या वेगाने वंगण बाहेर फेकले जाते, आणि रोवणीच्या दिवसांतील बांधीचा चिखल त्याची जागा घेतो. चाकाच्या आतल्या कडेवर काळ्या वंगणाचे शिंतोडे दिसू लागले, ही पहिली खूण. पुरते वळताना कटकट असा आवाज येऊ लागला, तर सांधाच झिजला असे समजावे. मग नवा बूट त्यास बरे करू शकत नाही.

वेळीच ध्यानात आले, तर काम एका दिवसाचे आहे. आसाची मोठी चाकी गाडी जमिनीवर असतानाच सैल करावी. मग गाडी उचलून भक्कम लोखंडी घोडीवर टेकवावी. केवळ जॅकच्या भरवशावर खाली शिरणे म्हणजे प्राणाशी खेळ. चाक काढून, दांडा बाहेर घेऊन, जुन्या पट्ट्या कापाव्या. सांधा त्याच्या अडकणीतून सोडवून घासलेटाने धुवावा आणि पूर्ण वाळू द्यावा. छर्रे व खाचा उजेडात पाहाव्या. खड्डे दिसले तर सांधा नवा घ्यावा. नसल्यास बूट दांड्यावर आधी चढवून, सोबत मिळणारे मॉलिब्डेनमयुक्त काळे वंगण मोजक्या प्रमाणात भरावे, नवी अडकण घालून सांधा बसवावा, कोंडलेली हवा काढून पट्ट्या आवळाव्या आणि आसाची चाकी गाडीच्या पुस्तकात दिलेल्या जोराने घट्ट करावी.

सुशिक्षित गृहस्थाने हात काळे करावे काय, असा प्रश्न कोणी विचारील. ज्यांस साधने वा सराव नाही, त्यांनी हे काम मिस्त्रीकडे खुशाल द्यावे. त्यात कमीपणा नाही. पण पाहण्याचे काम दुसऱ्यास देता येत नाही. मिस्त्रीकडे गाडी नेली जाते ती बहुधा आवाज आल्यावर, आणि तेव्हा वेळ टळलेली असते. विदर्भात रोवणीची घाई सरली की पोळा येतो. त्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीस, चिखलात राबलेल्या बैलाचे खांदे हळद-तुपाने चोळतात. त्या निमित्ताने जखम असेल तर ती धन्याच्या दृष्टीस पडते. ज्याच्या अंगणात बैलाऐवजी गाडी उभी आहे, त्याने त्याच सुमारास हातात दिवा घेऊन एकदा तिच्या चाकामागे वाकून पाहिले, तरी पुरे आहे.