नगराभ्यास : उपग्रहचित्रे व जनसंदेश

नगराची बाह्य रचना दर्शविणारी उपग्रहचित्रे आणि नागरिकांनी भ्रमणध्वनी वा समाजमाध्यमे यांद्वारे पाठविलेली माहिती यांची सांगड घालून नगराचे स्वरूप जाणण्याची पद्धती. १९७२ मध्ये सोडलेल्या पहिल्या लँडसॅट उपग्रहाच्या प्रतिमांत नगरांचा विस्तार दिसे. पण घरे वेगळी ओळखता येत नसत. इकोनॉस (१९९९) या व्यापारी उपग्रहामुळे सु. १ मी. विभेदनाची चित्रे मिळू लागली. कोणासही भर घालता येईल असा ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा २००४ मध्ये सुरू झाला.

या साधनांचा संगम १२ जानेवारी २०१० रोजी हैतीत झालेल्या भूकंपानंतर ठळकपणे दिसून आला. राजधानी पोर्त-ओ-प्रँसचे तपशीलवार अंकीय नकाशे तेव्हा अपुरे होते. देशोदेशींच्या शेकडो स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रांवरून रस्ते, पडझड व निर्वासितांच्या छावण्या थोड्याच दिवसांत रेखाटल्या. ४६३६ या क्रमांकावर आलेले क्रेओल भाषेतील संदेश परदेशस्थ हैतीवासीयांनी भाषांतरित केले व स्थानिक स्थलनामांच्या आधारे त्यांची ठिकाणे निश्चित केली.

मजले एकमेकांवर दबूनही छप्पर अखंड राहिलेल्या इमारती वरून शाबूत भासत. तेथील माणसांची हाक संदेशांतूनच कळू शके. मात्र ज्यांच्यापाशी दूरध्वनी नव्हता, त्यांची नोंद दोन्ही साधनांत झाली नाही. यास्तव संदेशांचा अभाव म्हणजे गरजेचा अभाव असे मानता येत नाही. ही पद्धती प्रत्यक्ष सर्वेक्षणास पूरक आहे. त्याचा पर्याय नव्हे.